शब्दवेधी बाण

सोलापूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, महाराष्ट्राच्या सरहद्दीलगत, उमरगा हें तालुक्याचें गांव आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. १९६० पासून तो महाराष्ट्रांत आहे. येथील दुर्धर व्याधीच्या रोग्यापुढें आजहि दोन वाटा असतात. एक पश्चिमेकडे, सोलापुरावरून मुंबईची; दुसरी पूर्वेकडे, हैदराबादेची. लिंफोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग, त्यावरील रिटुक्सिमॅब ह्या औषधाच्या इतिहासांत ह्या दोन्ही वाटांना स्थान आहे. त्या औषधाचा गुण व दोष हीं एकाच मुळाचीं फळें आहेत, हें त्या इतिहासावरून ध्यानांत येतें.

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या, तेव्हां त्या रोगकुलावर औषध असें नव्हतेंच. त्या दुःखांतून जो संकल्प झाला, त्याचें फळ म्हणजे परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलेलें टाटा मेमोरियल रुग्णालय. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत, येल विद्यापीठांत, युद्धांतील मस्टर्ड वायूच्या जातीचें एक द्रव्य लिंफोमाच्या रोग्यास प्रथम टोंचण्यांत आलें. गांठी विरघळल्या, पण थोड्याच दिवसांत पुन्हां आल्या, आणि रक्त निपजविणारी मज्जाहि होरपळली. पुढें औषधें सुधारलीं, अनेक रोगी बरेहि झाले. तथापि वाढती पेशी दिसली कीं मारावयाची, हा त्यांचा स्वभाव तोच राहिला.

रोगास नेमका ओळखून मारणारें औषध असावें, ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख ह्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभींच मांडली होती. तिला साधन मिळालें १९७५ सालीं. केंब्रिज येथें कोहलर व मिल्स्टाइन ह्यांनीं एकाच जातीचीं प्रतिद्रव्यें हवीं तितकीं तयार करण्याची युक्ति शोधून काढली. तिचें पेटंट घेण्यांत आलें नाहीं. १९८४ सालीं नोबेल पारितोषिक मात्र मिळालें. ह्याच युक्तीच्या आधारें कॅलिफोर्नियांतील आयडेक कंपनीनें रिटुक्सिमॅब बनविलें. त्याचें ओळखणारें टोंक उंदराच्या प्रतिद्रव्याचें, बाकीचा भाग मनुष्याच्या. बी-लसीकापेशींच्या पृष्ठभागावर सीडी-२० नांवाची एक खूण असते. तेथें तें चिकटतें, आणि मग शरीराचे रक्षक त्या पेशीचा फडशा पाडतात.

२६ नोव्हेंबर १९९७ रोजीं अमेरिकेनें ह्या औषधास मान्यता दिली. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या, फ्रेंच वैद्यांनीं चालविलेल्या एका प्रयोगांत साठ ते ऐंशी वर्षें वयाचे ३९९ रोगी होते. केवळ जुन्या औषधांनीं शंभरांत ६३ जणांचा रोग दिसेनासा झाला. त्यांना रिटुक्सिमॅबची जोड दिली तेव्हां ७६ जणांचा. मग २००७ सालीं हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीनें त्याचें देशी प्रतिरूप 'रेडिटक्स' ह्या नांवानें, मूळ औषधाच्या सुमारें निम्म्या किंमतींत, बाजारांत आणलें. २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें ह्या औषधास आवश्यक औषधांच्या यादींत घेतलें.

येथें रामायणांतील दशरथाची आठवण होते. त्याची शब्दवेधी विद्या खोटी नव्हती. बाण जेथें लागावयाचा तेथेंच लागला. पण घागर भरण्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटला, आणि श्रावण गेला. रिटुक्सिमॅबचेंहि तसेंच आहे. सीडी-२० ही खूण रोगट पेशीवर असते, तशीच निरोगी बी-पेशीवरहि असते. बाणाला दोहोंतील भेद कळत नाहीं. मज्जेंतील मूळ पेशींवर ती खूण नसते, म्हणून कांहीं महिन्यांनीं नव्या बी-पेशी उपजतात. परंतु मधल्या काळांत शरीराच्या तटाला एक खिंडार राहतें.

पहिल्या सलाईनच्या वेळीं थंडी वाजून ताप येतो, कधीं रक्तदाब उतरतो; पण तो त्रास वैद्याच्या डोळ्यांसमोर होतो, व सलाईनचा वेग कमी करून बहुधा आंवरतां येतो. खरें भय मागाहून येणाऱ्या गोष्टींचें. ज्याला पूर्वीं 'ब' जातीची कावीळ होऊन गेली आहे, त्याच्या यकृतांत तो विषाणु निपचित पडून असूं शकतो. पहारा उठला कीं तो जागा होतो, आणि कर्करोगांतून सुटलेला मनुष्य काविळीनें मरूं शकतो. म्हणून २०१३ सालीं अमेरिकेच्या औषध-खात्यानें ह्याविषयींची सूचना ठळक चौकटींत छापावयास लावली. उपाय अवघड नाहीं. औषधापूर्वीं रक्ताची तपासणी करावी. जरूर तर विषाणुरोधक गोळ्या सुरू कराव्या, व उपचार संपल्यावरहि निदान वर्षभर चालू ठेवाव्या.

पुढें २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या आय. आय. टी.ने व टाटा मेमोरियलनें मिळून सिद्ध केलेल्या 'नेक्सकार-१९' ह्या पेशी-उपचारास भारतांत मान्यता मिळाली. त्यांत रोग्याच्याच टी-पेशींना सीडी-१९ ही दुसरी खूण ओळखावयास शिकवितात. बाण अधिक तिखट झाला; पण ही खूणहि निरोगी बी-पेशींवर असतेच, त्यामुळें जुना नियम टळला नाहीं.

ह्याच जिल्ह्याच्या भूम-परांडा भागांत, बार्शी तालुक्यासह, १९८७ सालीं भारतांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. खेड्यांतील रोगी मोजण्याची विद्या येथें कधींच आली आहे. आतां हवी ती उपचारानंतर त्याला सांभाळण्याची. औषध मुंबईस वा हैदराबादेस घेतलें, तरी सहा महिन्यांनीं डोळे पिवळे होतात ते उमरग्याच्या घरीं, आणि रोगी प्रथम जातो तो गांवच्याच डॉक्टराकडे. त्या डॉक्टराला रोग्यानें कोणतें औषध घेतलें तें ठाऊक असावें, आणि रोग्याच्या हातीं तसा चार ओळींचा कागद असावा. औषध अर्ध्या किंमतीला आलें ही मोठी गोष्ट झाली. पण त्या कागदाला तर कांहींच किंमत पडत नाहीं, आणि त्यावांचून कित्येकदां प्राण जातो.