बोरघाटाचा चढ: बैल, इंजिन आणि सायकल

नवी मुंबईतून पहाटे सायकल काढून पनवेलमार्गे जुन्या पुणे रस्त्याला लागले, की पहिले दोन-अडीच तास फारसे कष्ट पडत नाहीत. शेडुंग, चौक, खालापूर ही गावे एकामागून एक मागे पडतात. उजव्या हाताला काही काळ कर्नाळ्याचा सुळका दिसतो, डाव्या हाताला प्रबळगड आणि इर्शाळगड सोबत करतात. खोपोली आली की चित्र पालटते. साध्या, गिअर नसलेल्या सायकलवर बसलेला माणूस पहिल्या एक-दोन वळणांतच खाली उतरतो आणि सायकल हाताने ढकलू लागतो.

हा अनुभव पुष्कळांनी घेतलेला असतो. पण त्यामागे पाऊणदोनशे वर्षांहून जुना इतिहास आहे आणि शाळेत शिकवले जाणारे भौतिकशास्त्रही. दोन्ही एकत्र पाहिले तर घाटाचे प्रत्येक वळण काहीतरी सांगू लागते.

खाडीपासून कड्यापर्यंत

पनवेल हे खाडीकाठचे गाव. तेथून खोपोली सुमारे पस्तीस किलोमीटर दूर आहे, तरी तिची उंची समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही नाही. म्हणजे या टप्प्यात सरासरी साडेतीनशे मीटर चालावे तेव्हा एक मीटरही चढ लागत नाही. त्यानंतर मात्र दहा-बारा किलोमीटरांत रस्त्याला सुमारे ५०० मीटर वर चढून खंडाळा गाठावा लागतो. हा सरासरी बाविसास एक असा चढ झाला.

असे होण्याचे कारण सह्याद्रीच्या घडणीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. त्याची पश्चिमेकडची बाजू कड्यासारखी तुटलेली आहे. कोकणातल्या पाताळगंगा, गाढी, उल्हास, अंबा या नद्या या कड्याच्या पायथ्याशी झटकन खाली उतरतात आणि मग रुंद, सपाट खोऱ्यांतून सावकाश समुद्राकडे जातात. सायकलस्वाराला जो सुखाचा रस्ता लागतो, तो या नद्यांनीच आखून दिलेला असतो.

पाठीवरचे ओझे

देश आणि कोकण यांच्यातला माल शतकानुशतके बैलांच्या पाठीवरून घाट चढला-उतरला. चार पायांच्या जनावराला खडी वाटही चालते, चाकाला ती चालत नाही. बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखवली, असे सांगतात. ही लोककथा आहे, तिला कागदोपत्री पुरावा मागू नये. पण तिच्यात एक खरी गोष्ट आहे. गुरे चारणाऱ्या माणसाला कोणत्या बाजूने चढले असता दम कमी लागतो हे ठाऊक असते, कारण त्याची जनावरे तीच वाट धरतात.

१८०४ मध्ये जनरल वेलस्लीने तोफा नेण्यासाठी या घाटात रस्ता करवून घेतला. परंतु तो फार चढाचा होता. १८२५ मध्ये पुण्याला गेलेल्या बिशप हेबरने, लोक येथे पायी किंवा घोड्यावरून जातात आणि माल जनावरांच्या पाठीवरून जातो, असे नोंदवले आहे. गाड्या जाऊ शकतील असा रस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात झाला. तो १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला झाला. मुंबईहून पडावाने पनवेलला यावे आणि तेथून गाडीने घाट चढावा, असा प्रवास सुरू झाला. चढ सौम्य करण्याचा उपाय एकच होता, तो म्हणजे रस्ता लांबवणे. वळणे त्यासाठी घातली गेली.

लोखंडी चाकाची अडचण

पुढे आगगाडी आली. १८५६ मध्ये ती घाटाखाली खोपोलीपर्यंत पोचली आणि १८५८ मध्ये घाटावर खंडाळा ते पुणे अशी धावू लागली. मधला घाट मात्र प्रवाशांना पालखीतून, तट्टावरून किंवा गाडीने ओलांडावा लागे. हा तुटलेला दुवा १८६३ मध्ये जोडला गेला.

लोखंडी चाक लोखंडी रुळावर कमी घर्षणाने फिरते, हा आगगाडीचा मोठा फायदा. चढावर तोच तोटा ठरतो, कारण पकड कमी पडून चाक जागच्या जागी फिरू लागते. म्हणून बैलगाडीला चालणारा चढ इंजिनाला चालेना. अभियंत्यांनी सदतिसास एक हा सर्वांत तीव्र चढ ठरवला. परिणामी सुमारे ५५८ मीटर उंची गाठायला लोहमार्गाला २५ किलोमीटर अंतर घ्यावे लागले. त्यासाठी बोगदे खणले, दऱ्यांवर पूल बांधले. १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक मजूर तेथे राबत होते आणि पटकीसारख्या रोगांनी त्यांतले फार मोठ्या संख्येने दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट चालू ठेवून काम पुरे करवून घेतले. चढ सौम्य करण्याची किंमत अशी मोजली गेली.

गिअर म्हणजे काय?

आता सायकलकडे वळू. माणूस आणि सायकल मिळून ७५ किलोग्रॅम वस्तुमान धरू. ५०० मीटर वर जायला ७५ × ९.८ × ५००, म्हणजे सुमारे ३ लाख ६७ हजार ज्यूल कार्य करावे लागते. हवेचा आणि रस्त्याचा विरोध यात धरलेला नाही. हा घाट एका तासात चढला तर सुमारे १०० वॉट शक्ती लागते. म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याइतकी. निरोगी माणसाला हे अशक्य नाही. मग साध्या सायकलवरचा माणूस खाली का उतरतो?

कारण अडचण बळाची आहे. साध्या सायकलच्या पुढच्या चक्राला ४८ आणि मागच्याला १८ दात आहेत असे समजू. पायटा एकदा पूर्ण फिरला की सायकल सुमारे सहा मीटर पुढे जाते आणि बाविसास एक चढावर सुमारे २७ सेंटिमीटर वर चढते. यासाठी पायट्यावर सरासरी १९ किलोग्रॅम वजनाइतके बळ सतत लावावे लागते. पाय वर-खाली असतात तेव्हा जोर जवळजवळ लागत नाही, म्हणून प्रत्यक्ष दाबताना ते याहून बरेच अधिक हवे. पुढचे आणि मागचे दात सारखे असतील, तर एका फेरीत सायकल २.२ मीटरच पुढे जाईल, १० सेंटिमीटर चढेल आणि सरासरी ७ किलोग्रॅम वजनाइतके बळ पुरेल. फेऱ्या मात्र तेवढ्या पटीने वाढतील. एकूण कार्य तेवढेच राहील.

माल्कमच्या रस्त्याने वळणे घालून हेच केले आणि लोहमार्गानेही. बळ कमी हवे असेल तर अंतर वाढवावे लागते. रस्त्याला वळण जे काम करते, तेच सायकलचा गिअर करतो. फरक एवढाच, की रस्ता सर्वांसाठी एकदाच बांधला जातो आणि गिअर प्रत्येक जण आपल्याबरोबर नेतो. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या गिअरला ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीतसुद्धा १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत घाट प्रथम सर करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. तो किताब बळ आणि अंतर यांचा हा हिशेब पायांनी सोडवल्याबद्दलच असतो.

पाण्याचा उतार

चढणाऱ्याने वळणे घ्यावीत, उतरणाऱ्याला सरळ रेषाच सोयीची. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांचे पाणी नळांतून सुमारे सव्वापाचशे मीटर खाली सोडून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला वीजनिर्मिती सुरू केली. पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला जाणारे पाणी अशा रीतीने पाताळगंगेत आले. या नदीला उन्हाळ्यातही पाणी दिसते, ते मुख्यतः त्यामुळे. ७५ किलोग्रॅमचा सायकलस्वार घाट चढताना जेवढी ऊर्जा खर्चतो, साधारण तेवढीच ७५ लिटर पाणी तो घाट उतरताना देते. वर्गात हे सांगून पाहावे, स्थितिज ऊर्जा लगेच समजते.

कोणासाठी रस्ता?

प्रत्येक काळातील रस्त्याचा चढ हा ओझे कोण ओढते यावरून ठरला. आज मोटारीचे इंजिन ओढते. २००२ मध्ये पुरा झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू, या दोन्हींवर सायकलला प्रवेश नाही. वेगाच्या रस्त्यावर ते सुरक्षिततेसाठी योग्यही आहे. पण सायकलला उरलेल्या जुन्या रस्त्यावर अवजड वाहने आहेत आणि वेगळी पट्टी नाही. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचे पात्र वळवले गेले. ज्या मुलाने पनवेल ते खोपोली हा प्रवास फक्त बंद मोटारीतून केला आहे, त्याला खाडी, खोरे आणि कडा हा क्रम पुस्तकातूनच शिकावा लागतो. चढ पायांना कळतो, आसनाला कळत नाही.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. मुलांना बोरघाटात नेऊ नये, तेथील वाहतूक धोक्याची आहे. पनवेलहून नेऱ्याकडे गाढी नदीच्या खोऱ्यातून जाणारा रस्ता त्या मानाने शांत आहे. सुटीच्या दिवशी पहाटे, मोठ्यांच्या सोबतीने, हेल्मेट घालून मोठ्या मुलांना तेथे नेता येईल. बरोबर गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि मोजपट्टी घ्यावी. रस्त्याच्या कडेला वीस मीटर अंतरावर दोघांनी नळीची टोके धरून उभे राहावे आणि प्रत्येकाने पाण्याची पातळी जमिनीपासून किती उंच आहे ते मोजावे. दोन्ही मापांत एक मीटर फरक आला तर चढ विसास एक. असे चार-पाच ठिकाणी मोजून वहीत नोंदवावे आणि सायकलवर कोठे उतरावे लागले तेही शेजारी लिहावे. शाळेत परतल्यावर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरील समोच्च रेषांशी ही नोंद ताडून पाहावी. जेथे रेषा जवळजवळ आलेल्या दिसतील, तेथेच मुलांना दम लागलेला असेल.