कुरणाचं भांडण आणि एक खिशातली वही

श्रोतेहो, बांध हातभर सरकला तर गावात काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. पण जिथं बांधच घातलेले नाहीत, तिथं भांडण पेटलं तर? अमेरिकेतल्या वायोमिंगच्या जॉन्सन जिल्ह्यात १८९२ साली तसंच झालं.

१८६२ च्या कायद्यानं कसणाराला १६० एकर सरकारी जमीन मिळे. अट ही, की पाच वर्षं तिथं राहून ती लागवडीस आणावी. पण त्याच मोकळ्या रानात बड्या मालकांची हजारो गुरं चरत. ओढ्याकाठी कुणी कुंपण घातलं, की त्यांच्या गुरांचं पाणी तुटे. त्यातच १८८६-८७ च्या हिवाळ्यात बर्फानं गुरं फार मेली. अडचणीत आलेल्या मालकांनी लहान गुरंवाल्यांवर सरसकट चोरीचा आळ घेतला. १८८९ मध्ये एला वॉटसन ही जमीन घेतलेली बाई आणि जिम अ‍ॅव्हरेल यांना चौकशीशिवाय झाडाला लटकावलं.

एप्रिल १८९२ मध्ये मालकांची सुमारे पन्नास हत्यारबंद माणसं आगगाडीनं निघाली. काही तर टेक्सासहून भाड्यानं आणलेली. ९ एप्रिलला त्यांनी नेट चॅम्पियन या लहान गुरंवाल्याचं खोपट वेढलं. सोबती जखमी होऊन मेला. चॅम्पियन एकटा दिवसभर झुंजला, आणि गोळीबार थांबला की खिशातल्या वहीत घडलेलं टिपत राहिला. शेवटी घराला आग लावली. तो बाहेर पळाला आणि गोळ्यांनी पडला.

पण तेवढ्या वेळात बातमी पसरली. दोनशेंवर लोकांनी हल्लेखोरांनाच कोंडलं. तेव्हा सरकारी घोडदळ आलं आणि वाचले ते हल्लेखोर! खटल्याचा खर्च जिल्ह्याला झेपेना, साक्षीदारही नाहीसे झाले. १८९३ मध्ये सारे सुटले.

याच कथेवर मायकेल चिमिनो यांनी १९८० साली ‘हेवन्स गेट’ हा बोलपट काढला. तो आठवड्यातच मागं घ्यावा लागला. २०१२ साली व्हेनिसच्या महोत्सवात नव्यानं दाखवला गेला, तेव्हा त्याची कदर झाली. बोलपट पाहण्याजोगा आहे. मात्र त्यात चॅम्पियन हा आधी मालकांचाच भाडोत्री मारेकरी दाखवला आहे! गुरुजींनी मुलांना हा फरक जरूर सांगावा. कोर्टानं न्याय दिला नाही, पडद्यानं माणूस बदलला. वहीतला मजकूर मात्र वर्तमानपत्रांत छापून आला, म्हणून त्या दिवसाची हकिकत खुद्द चॅम्पियनच्या शब्दांत उरली.