उभी बाटली, आडवी बाटली



आपण गळ्यात तुळशीची माळ घातली त्या दिवशी मद्य, मांस, परद्रव्य, परनिंदा सोडायचे वचन दिले. ते वचन ज्याचे त्याने पाळायचे असते. माळ एका गळ्यात असते, तिचा भार दुसऱ्याला वाहता येत नाही. पण दारूचे दुकान एकट्याचे नसते. ते उघडते तेव्हा सगळ्या आळीत उघडते. माळ घातलेल्याच्या दारावरूनही तीच वाट जाते आणि शाळेतून परत येणारी पोरेही त्याच वाटेने येतात. मग माळकऱ्याने असे म्हणावे काय, की मी घेत नाही, मला काय त्याचे? अनेक ठिकाणी भजनी मंडळांतले जाणते लोकच हा प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर मी उपदेशातून देत नाही, इतिहासातून देतो. हा विरोध काही आजचा नव्हे.

दीडशे वर्षांपूर्वीपासून सुरुवात करू. इंग्रज सरकारने १८७८ साली मुंबई इलाख्यासाठी आबकारीचा कायदा केला. दारू गाळणे आणि विकणे हे सरकारी परवान्याच्या मुठीत आले. दुकानाचा मक्ता द्यायचा, मक्तेदाराने पैसा भरायचा आणि भरलेला पैसा पिणाऱ्यांकडून वसूल करायचा, अशी ती चाल. पैसा भरला की दुकान चालले पाहिजे, आणि दुकान चालायचे तर ते वस्तीत पाहिजे. त्या वेळी महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० साली त्यांनी नगरपालिकेच्या अधिकाऱ्याला पत्र लिहून शहरातल्या दारूच्या दुकानांना विरोध केला. नगरपालिकेचे काम शहराचे आरोग्य सांभाळण्याचे, आणि हे गुत्ते तर घरेच्या घरे बसवतात, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. माउली, ध्यानात घ्या, सभासद म्हणून नेमले होते सरकारनेच, आणि बोलले ते सरकारच्या उत्पन्नाविरुद्ध. दुकान एकाच्या पोटावर चालत नाही, सरकारच्या तिजोरीचाही त्यात वाटा असतो, ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही खरी आहे. म्हणूनच हा विरोध सोपा नसतो.

पुढे १९०८ चा उन्हाळा. पुण्यातच स्वयंसेवक दारूच्या दुकानांसमोर जाऊन उभे राहिले. आत जाणाऱ्याला हात जोडून परत फिरवायचे, एवढेच त्यांचे काम. लोकमान्य टिळकांचा त्या चळवळीला पाठिंबा होता. विशेष असे की, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे जहाल आणि मवाळ या एका कामात एका बाजूला आले. पोलिसांनी स्वयंसेवकांना पकडले, खटले झाले, दंड झाले. हात जोडणाऱ्याला दंड आणि बाटली विकणाऱ्याला परवाना, असा तो न्याय! पण एक वळण पडले. दुकानाला विरोध करायचा तो दुकानाच्या दारात उभे राहून, उघड्यावर आणि शांतपणे, हे लोकांना कळले.

आता तुमच्याआमच्या ओळखीच्या माणसाकडे येऊ. गाडगेबाबा. मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू आणि मटण घालायचे, ही त्या काळची रीत. बाबांनी ती मोडली आणि गोडाधोडाचे जेवण वाढले. ही गोष्ट आपण कीर्तनात शंभरदा ऐकली आहे, मीही सांगितली आहे. पण तिचे मर्म मला फार उशिरा उमगले. स्वतः न पिणे बाबांना पुरेसे वाटले नाही. आपल्या दारातल्या पंगतीत दारू येऊ द्यायची नाही, असे त्यांनी ठरवले. व्रत गळ्यातून अंगणात आले. आळीतल्या दुकानाला विरोध करणे म्हणजे तेच व्रत अंगणातून रस्त्यावर आणणे. ते धर्म सोडून राजकारण करणे नव्हे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदातही मादक पेयांना आळा घालण्याचा यत्न राज्याने करावा, असे लिहिले आहे. पण पुढे बंदी सैल झाली आणि परवान्यांचा कारभार वाढला. वर्धा जिल्हा गांधीजींच्या वास्तव्यामुळे कोरडा ठेवला गेला; बाकी ठिकाणी कायद्याचे नाव दारूबंदीचे आणि काम परवाने देण्याचे, अशी गंमत झाली.

यातली एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते, ती नीट समजून घ्या. विदेशी दारूच्या किरकोळ दुकानांचे, म्हणजे ज्याला आपण वाईन शॉप म्हणतो त्यांचे, नवे परवाने महाराष्ट्रात सत्तरच्या दशकापासून थांबलेले होते. मग आळीत अचानक नवी पाटी लागते ती कुठून? ते दुकान बहुधा नवे नसते. जुना परवाना दुसऱ्या जागेतून उठून, कागदोपत्री स्थलांतर करून आपल्याकडे आलेला असतो. म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या तरी दारातून निघाले आहे. कुठे तिथल्या लोकांनी हटवले असेल, कुठे भाडे परवडले नसेल, कुठे रस्ता बदलला असेल.

रस्ता बदलण्याचा प्रकार २०१७ साली साऱ्या देशाने पाहिला. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी निकाल दिला, की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूचे दुकान नको. कारण होते रस्त्यावरचे अपघात. लहान गावांसाठी हे अंतर पुढे २२० मीटर झाले. १ एप्रिल २०१७ पासून महामार्गाकडेची दुकाने बंद झाली. निकाल चांगल्या हेतूचा होता. पण दुकानदाराला परवाना टिकवायचा होता, म्हणून तो रस्ता सोडून वस्तीत शिरायला निघाला. त्या उन्हाळ्यात उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तराखंड अशा कितीतरी राज्यांत बाया रस्त्यावर बसल्या, ते आपल्या गल्लीत येऊ घातलेल्या दुकानाविरुद्ध. कुठे कुठे दुकाने वाचावीत म्हणून रस्त्यांचे वर्गच बदलले गेले. ओढ्याला बांध घातला तर पाणी थांबत नाही, बाजूच्या शेतात शिरते. दारूचेही तसेच आहे.

मग करायचे काय? महाराष्ट्रातल्या बायांनी याचे उत्तर पन्नास वर्षांत घडवले. १९७० नंतर धुळे जिल्ह्याच्या शहादा भागात आदिवासी बायांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. गडचिरोलीत कित्येक वर्षे गावे उभी राहिली, तेव्हा १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या हजारो बाया २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरला, विधानसभेच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. माउली, ही दिंडीच नव्हे काय? टाळ-मृदंग नसेल, पण पायांना तीच धूळ लागली. त्या जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला बंदी आली.

याच काळात, २५ मार्च २००८ रोजी, राज्य सरकारने एक आदेश काढला आणि मतदानाचा मार्ग खुला केला. आपल्या गावातले किंवा शहरातल्या आपल्या वॉर्डातले दुकान बंद करायचे असेल तर स्त्री मतदारांपैकी निदान २५ टक्के जणींनी सहीनिशी मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. उभी म्हणजे दुकान चालू द्या, आडवी म्हणजे बंद करा. अक्षर न येणाऱ्या म्हातारीलाही कळावे अशी ही सोय.

पण यातली अट कान देऊन ऐका. आडव्या बाटलीला ५० टक्क्यांहून जास्त मते पडावी लागतात, आणि तीही आलेल्या बायांच्या ५० टक्के नव्हे, तर यादीतल्या एकूण बायांच्या. समजा यादीत १००० बाया आहेत. मागणीला २५० सह्या हव्यात. मतदानाला ६०० आल्या आणि त्यांतल्या ४८० जणींनी आडवी बाटली निवडली. आलेल्यांत पाचांतल्या चौघी दुकानाविरुद्ध, तरी दुकान चालूच राहणार, कारण हवी होती ५०१ मते. विरुद्ध मत देणाऱ्या १२० जणींनी दुकान वाचवले नाही, घरी बसलेल्या ४०० जणींनी वाचवले. जी आली नाही तिने न कळत उभ्या बाटलीवरच शिक्का मारला.

म्हणून मी सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. ‘मी घेत नाही, मला काय त्याचे’ असे म्हणून घरात बसणारा माणूस मधला राहत नाही. या हिशेबात मधली जागाच नाही. आपल्या संप्रदायाला हजेरीचे मोल शिकवावे लागत नाही. वारी चुकू नये म्हणून आपण पेरणीची घाई करतो, पोरीच्या लग्नाची तिथी मागेपुढे करतो. मग सहीच्या दिवशी आणि मतदानाच्या दिवशी तशीच हजेरी का नसावी? भजनी मंडळांनी एवढे जरूर करावे. यादीत नाव आहे का ते आधी पाहावे. आधारावर चालणाऱ्या म्हाताऱ्या बाईला कोण घेऊन जाणार ते ठरवावे. नवऱ्याच्या धाकाने जी येत नाही तिच्या दारात चार जणींनी जावे. आणि मतदानाची तारीख वारीच्या दिवसांत पडत असेल तर ती बदलून द्या, असे अधिकाऱ्याला आधीच लेखी कळवावे. आळीतल्या माळकरी बाया पंढरीच्या वाटेवर असताना मोजणी झाली, तर त्यांची नावे यादीत राहतात आणि मते राहत नाहीत.

दुकान अजून उघडायचे असेल तर काम त्याहून हलके असते. जिल्हाधिकारी आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग यांच्याकडे वेळेत लेखी हरकत द्यावी. सह्या खऱ्या असाव्यात. शाळा किती पावलांवर आहे, देऊळ कुठे आहे, हे मोजून लिहावे. शहरातल्या गृहनिर्माण सोसायटीच्या जागेत नवे दुकान काढायचे तर सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल, असे राज्य सरकारने मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर केले आहे. म्हणजे सोसायटीच्या सभेला जाणे हेही आता व्रताचाच भाग झाले.

आता दोन कडू गोष्टी सांगतो, त्या सांगितल्याविना हा इतिहास खरा होणार नाही.

पहिली. चंद्रपूरची बंदी २०२१ साली उठली. चोरटी दारू आणि गुन्हे वाढले, असे कारण सरकारने दिले. आणि मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, ती सगळी हातावर पोट असलेली. दुकानाचे दार बंद झाले की काम संपले, असे समजणाऱ्याला या दोन गोष्टी जागे करतात. दार बंद करायला एक दिवस लागतो, मागचे दार बंद ठेवायला रोज लक्ष ठेवावे लागते.

दुसरी. आपल्या आळीतून दुकान गेले की आपण पेढे वाटतो. पण परवाना मेला की नुसता हलला, हे पाहिले काय? चांगल्या शिकलेल्या, वकील-डॉक्टर असलेल्या वस्तीने हरकत घेतली, आणि तेच दुकान नाल्यापलीकडच्या झोपडपट्टीच्या तोंडाशी लागले, तर आपण दारू हटवली नाही, शेजाऱ्याकडे ढकलली. तिथे हरकत लिहायला कुणाला वेळ नसतो. दिवसभर राबून आलेला माणूस घराच्या आधी दुकानाशी पोचतो. विठ्ठलाच्या वाळवंटात आपण एकमेकांच्या पाया पडतो, तिथे कुणाची आळी कोणती हे विचारत नाही. म्हणून आपली हरकत मंजूर झाली की त्याच कागदाची दुसरी प्रत घेऊन पलीकडच्या वस्तीत जावे आणि म्हणावे, आता ते तुमच्याकडे येईल, आम्ही तुमच्या सोबत आहोत.

आणि जो पितो त्याचे काय? तो आपला वैरी नव्हे. दुकानाच्या विरोधात घोषणा देताना त्याच्या घरातल्या पोराची मान खाली जाणार नाही, एवढे भान ठेवा. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. तिथून कितीतरी माणसे घरी परतली. दारू हा आजारही आहे, त्याला उपचार लागतो, नुसता उपदेश पुरत नाही. वैद्याकडे न्यावे, आणि परतल्यावर संध्याकाळी त्याला हरिपाठाला हाक मारावी. संध्याकाळची तीच वेळ त्याला जड जाते. ती वेळ टाळाने भरली तर माळ त्याच्या गळ्यात टिकते.

आषाढी आणि कार्तिकी एकादशीला महाराष्ट्रातली दारूची दुकाने सरकारी हुकुमाने बंद असतात. पांडुरंगाच्या नावाने वर्षातले दोन दिवस बंद राहतात. उरलेल्या दिवसांचे तुमच्यामाझ्या हजेरीवर आहे. तेव्हा माउली, आळीतली यादी काढा, नावे तपासा, आणि ज्या दिवशी बोलावणे येईल त्या दिवशी वारीला निघावे तसे निघा.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल.