पेशवाई गेली, खांब राहिला

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत, पुण्याच्या मसनदीवर इंग्रजांची छाया पडू लागली होती त्या काळात, निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब या नावांचे दोन नामांकित पहिलवान पुण्यास आले, त्यांनी दरबारच्या मल्लांना जाहीर आव्हान दिले, आणि सरकारी खुराकावर पोसलेल्यांपैकी एकही इसम पुढे सरेना तेव्हा बाळंभट देवधर नावाच्या तरुण ब्राह्मणाने ते आव्हान उचलून तयारीसाठी मुदत मागितली, अशी हकीकत मल्लखांबाच्या आखाड्यांतून आजवर सांगितली जाते. मुदत मिळताच तो वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर अनुष्ठानास बसला. देवीच्या कृपेने वानररूपी मारुतीने त्याला लाकडी खांबावरच्या पकडी दाखविल्या. पुण्यास परतून त्याने अलीला चीत केले आणि ते पाहून गुलाबाने लढण्याचा विचार सोडून दिला. हकीकतीतील देवतांचा भाग भाविकांकडे सोपवून उरलेल्या भागाकडे पाहिले, तर लक्षात राहते ती बाळंभटाची जीत नव्हे, त्याने मागितलेली मुदत. आपली आजची तयारी अपुरी आहे हे भर दरबारात कबूल करावयाचे, आणि तरीही आव्हान नाकारावयाचे नाही, या दोन गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी साधाव्यात हे दुर्मीळ आहे. वानरदर्शनाइतकेच दुर्मीळ म्हणा ना.

खांबावरची मेहनत बाळंभटांनीच प्रथम निर्माण केली असे मानणे मात्र बरोबर नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या विनोदाचे व शिक्षणाचे जे विवेचन आहे, त्यात स्तंभावरील श्रमाचा निर्देश सापडतो, आणि गुजरातेतील ज्येष्ठीमल्लांच्या परंपरेतील ‘मल्लपुराण’ नावाचा ग्रंथही स्तंभश्रमाची गणना मल्लाच्या व्यायामांत करतो. मधल्या शतकांत ही विद्या लोपली की कोठे कानाकोपऱ्यात तग धरून होती, हा वाद अभ्यासकांनी घालावा. बाळंभटदादांचे श्रेय निराळे आहे. कुस्तीची पूरकविद्या म्हणून पडून राहिलेल्या या मेहनतीला त्यांनी क्रम दिला, पकडींना नावे व वर्ग मिळाले, आणि शिष्यशाखा उभी राहिली.

कुस्तीसाठी जोडीदार लागतो, आणि जोडीदार हा माणूस असल्यामुळे तो आजारी पडतो, रुसतो, गावी जातो, आणि मुख्य म्हणजे त्यालाही जिंकावयाचे असते. खांबाला यांपैकी कोणतीच उपाधी नाही. शिसवीचा किंवा सागाचा सरळ सोट, जमिनीत पक्का पुरलेला, जमिनीवर सुमारे अडीच मीटर उंच, बुंध्याशी पन्नास-पंचावन्न सेंटीमीटर घेराचा आणि वर निमुळता होत गेलेला. त्याचे मुख्य शरीर ते आंग, त्यावरची बारीक मान, आणि माथ्यावरचे गोलसर बोंड. माणसाच्या देहाचीच ही नावे त्याला मिळाली, कारण मल्लाच्या दृष्टीने तो प्रतिपक्षाचा देहच होता. अंगाला आणि लाकडाला एरंडेल चोपडावयाचे, म्हणजे घामाने निथळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला धरताना पकड जशी निसटू पाहते तशीच ती येथेही निसटते, आणि कातडीही सोलवटत नाही. अर्थात कातडी सोलवटत नाही हे विधान तेल लावणाऱ्या वस्तादाचे आहे. पहिल्या महिन्यात मांडीच्या आतल्या बाजूवर हात फिरविणाऱ्या शिष्याचे मत याहून वेगळे असते.

पहिला धडा साध्या अढीचा. खांबाशी उभे राहून दोन्ही हातांनी तो धरावयाचा, पाय उचलून कमरेतून उलटे व्हावयाचे, मांड्यांच्या कात्रीत खांब आवळावयाचा, आणि मग, जी गोष्ट सांगावयास सोपी व करावयास महाकठीण आहे ती, म्हणजे हात सोडावयाचे. डोके खाली, रक्त कानांत घणघणते आहे, तेलकट लाकूड मांडीतून बोटभर खाली सरकल्याचे जाणवते आहे, आणि अशा अवस्थेत बोटे आपणहून खांबाकडे धाव घेतात. ती आवरणे हीच त्या दिवसाची सारी विद्या. पुष्कळ जण खाली मातीत येतात. वस्ताद जवळ उभा असतो, मान वाचवितो, आणि अंगावरची माती झाडण्याइतकीही उसंत न देता पुन्हा सलामी करावयास लावतो. येथून पुढे तेढी, बगली, दसरंग, फिरकी, वेल, सुईदोरा, ताजवा, फरारे अशी चढती मांडणी आहे, तीत प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी असल्याने वरची पकड सुटू लागली म्हणजे दोष बहुधा खालीच कोठे तरी असतो. म्हणून शिष्याला मागे धाडणे हा या विद्येत दंड नव्हे, तो तेथला शिरस्ता आहे. दसरंगात अडलेला गडी पुन्हा आठवडाभर अढ्याच मारीत राहिला, तर त्यात त्याची अप्रतिष्ठा झाली असे आखाड्यात कोणी समजत नाही. आणि मला वाटते, हौसेने शिकणाऱ्याचे धैर्य टिकविण्यास उपदेशाच्या शंभर वाक्यांपेक्षा ही एक वहिवाट अधिक उपयोगी पडली असावी.

१८१८ साली पेशवाई बुडाली. बाजीरावसाहेब सालिना आठ लाख रुपयांच्या तनख्यावर गंगाकाठी ब्रह्मावर्तास जाऊन राहिले, आणि त्यांच्यासमवेत पुण्यातून उखडलेला जो लहानसा महाराष्ट्र तिकडे गेला त्यात बाळंभटदादाही होते. ज्या दरबाराने त्यांचे यश पाहिले तो दरबार राहिला नाही, ज्या लढतींसाठी खांबावर मेहनत करावयाची त्या लढतींचे प्रयोजन संपले. तरीही ब्रह्मावर्ताच्या आखाड्यात खांब पुरला गेला. नानासाहेब, तात्या टोपे आणि बालपणीची मनू, म्हणजे पुढील झाशीची राणी, यांनी तेथे त्यांच्याकडून धडे घेतल्याचे परंपरा सांगते. १८५१ साली बाजीरावसाहेब वारले, नानासाहेबांना कंपनी सरकारने तनखा नाकारला, आणि १८५७ च्या धामधुमीत ब्रह्मावर्ताचा तो वाडाच इंग्रजांनी जाळून टाकला. एका विद्येच्या नशिबी चाळीस वर्षांत दोनदा निर्वासित होण्याचे आले.

आणि तरी ती मेली नाही, याचे कारण तिच्या गरिबीत शोधावे लागते. कुस्ती ही राजाश्रयाने वाढणारी विद्या. पहिलवानाचा दूध-बदाम-तुपाचा खुराक कोणीतरी सोसावा लागतो, म्हणूनच ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी पहिलवान पदरी बाळगले आणि १९१२ साली पुरे झालेले खासबागेचे मैदान बांधविले, त्या कोल्हापुरात ती फळाला आली. मल्लखांबाला एवढा सरंजाम कधीच लागला नाही. एक लाकूड, छटाकभर एरंडेल, मारुतीची तसबीर, आणि पहाटे लवकर उठणारा एक शिक्षक एवढ्यावर तो चालतो. कारकून, भिक्षुक, शाळकरी पोरे अशा, ज्यांना कुस्तीच्या फडात कोणी उभे केले नसते, त्या माणसांनी तो आपलासा केला. त्यांना इनाम मिळणार नव्हते, सनद मिळणार नव्हती. ती निव्वळ हौस होती, आणि संस्थाने खालसा झाली तरी हौस कोणाला खालसा करता येत नाही.

बडोद्यास जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा प्राध्यापक माणिकरावांनी चालविली, आणि त्याच बडोद्यात दत्तात्रेय चिंतामण मजुमदार यांनी दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ सिद्ध करून, जी विद्या वस्तादाच्या तोंडून शिष्याच्या कानात एवढ्याच मार्गाने जात होती, तिला छापील पानाचा आधार दिला. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापिलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, पुण्यास १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी उभारलेले महाराष्ट्रीय मंडळ, आणि मुंबईत दादरला १९२५ सालापासून चालू असलेले काळे गुरुजींचे समर्थ व्यायाम मंदिर, या संस्थांनी खांबाला वाड्यातून व देवळाच्या ओवरीतून काढून सार्वजनिक मैदानात आणले. अमरावतीच्या मंडळींनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामांची प्रात्यक्षिके परक्या प्रेक्षकांना दाखविली. स्पर्धेचे युग त्यानंतरचे. १९८१ साली उज्जैनीस स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा भरली, २०१३ साली मध्य प्रदेश सरकारने मल्लखांबाला राज्याचा खेळ ठरविले, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. या भागाचा तपशील अहवालांतून मिळतो. त्यात रमण्याचे मला कारण दिसत नाही. एक नोंद मात्र गाळवत नाही. वेताच्या मल्लखांबाचे पुढे सुती दोरीच्या मल्लखांबात रूपांतर झाले, पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोर धरून मुली त्यावर आसने करू लागल्या, आणि मुंबईत उदय देशपांडे यांनी ही दोरी अंध मुलींच्याही हाती दिली. त्या देशपांड्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली.

अलीकडे युरोप-अमेरिकेत धातूच्या खांबावरील नृत्याची हौस पसरली आहे, आणि त्याचे मूळ आपल्या मल्लखांबात असल्याचे अभिमानाने सांगणारे लोक भेटतात. साम्य म्हणजे वंश नव्हे. तो नृत्यप्रकार तिकडच्या जत्रांच्या तंबूंतून आणि रात्रीच्या मनोरंजनगृहांतून आला, पुढे व्यायामशाळांत शिरला, आणि २०१७ साली त्याच्या क्रीडासंघाला जागतिक क्रीडासंस्थांच्या महासंघाने निरीक्षकाचा दर्जा दिला. बाळंभटांच्या शिष्यशाखेचा त्याच्याशी संबंध जोडता येत नाही. तिकडचा खांब अवघ्या पंचेचाळीस मिलिमीटर व्यासाचा, पोलादी, मुठीत मावणारा. आपला मुठीत न मावणारा, म्हणून मांडीने जिंकावयाचा. तिकडे कोरडी कातडीच धातूला धरते म्हणून तेलाला मज्जाव, इकडे तेलावाचून चालत नाही. तरी त्या हौशी नर्तकींच्या अडचणी ऐकल्या तर त्या दादरच्या किंवा उज्जैनीच्या पोरांच्या अडचणींहून वेगळ्या नाहीत. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी खांबाला जाणाऱ्या बाईचा खांदा दुखावतो, दोन महिने खंड पडतो, परतल्यावर पूर्वी सहज येणारी उलटी पकड येईनाशी होते, शेजारची नवखी पुढे निघून गेलेली दिसते, आणि हे सारे आपण कशासाठी करतो हा प्रश्न कोणी न विचारताच उभा राहतो. बक्षीस नाही, पगार नाही, आणि शेजारपाजाऱ्यांचे कुत्सित शेरे मात्र फुकट.

आखाड्यात या प्रश्नाचे उत्तर शब्दांत दिलेले मला कोठे आढळले नाही. तापातून उठलेला, परीक्षेसाठी सहा महिने गैरहजर राहिलेला, मनगट मोडून घेतलेला गडी परत आला म्हणजे वस्ताद त्याला खांबाकडे जाऊच देत नाही. जोर, बैठका, नमस्कार यांवर काही दिवस निघतात, नंतर लहानांच्या रांगेत उभे राहून साध्या अढीपासून आरंभ होतो, आणि ज्याने पूर्वी ताजवा केला आहे तोही या नियमातून सुटत नाही. किती दिवसांत मूळ पदावर येशील, असे त्याला कोणी विचारीत नाही. रांगेत त्याच्या पुढे आठ वर्षांचा मुलगा असतो, त्याची अढी झाली की याची पाळी.