आगगाडीच्या गप्पा, पेडण्याचा बोगदा आणि माझी एक चूक

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पाच-सहा जण डिचोलीला मास्तरांच्या घराच्या सोप्यावर जमतो. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या सोप्यावर प्लायवूडचं एक लांबलचक टेबल आहे आणि त्यावर आमची रेल्वे. घरची मंडळी याला पोरकटपणा म्हणतात, पण भाजी-पाव आणि चहा वेळेवर बाहेर येतो, त्यामुळे आमची तक्रार नाही.

इतिहास मंडळाच्या निबंधात खेळण्यातल्या गाड्या कशाला, असं काही वाचकांना वाटेल. कारण सांगतो. आठेक वर्षांपूर्वी याच मंडळात मी गोव्याच्या रेल्वेवर एक निबंध वाचला होता. त्यातला मुख्य मुद्दा चुकीचा होता. तो कोणा अभ्यासकाने खोडला नाही. तो या टेबलापाशी चहा पिताना, गप्पांच्या ओघात निकालात निघाला. ती गोष्ट इथे नोंदवून ठेवतो.

आधी मंडळींची ओळख. नावं देत नाही, त्यांना ते आवडणार नाही. मास्तर डिचोलीचे. दादा पूर्वी मांडवीत खनिजाच्या बार्जवर होते. एक तरुण इलेक्ट्रिशियन आहे, सगळं वायरिंग त्याचं. पेडण्याचा एक मित्र आहे, त्याच्या वडिलांचं कोकण रेल्वेच्या कामाच्या दिवसांत बोगद्याजवळ चहाचं दुकान होतं. आणि मी, मूळचा पेडण्याचा, मेकॅनिकल इंजिनिअर. पंचवीस वर्षं कारखान्यात काढली, इतिहास पुढे आपला आपणच शिकलो. छोट्या गाड्यांचा नाद मला पुण्यात लागला. कोथरूडला कर्वे रस्त्यावर भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला सुरू झालं. नोकरीच्या दिवसांत मी तिथे किती वेळा गेलो याचा हिशेब नाही. त्याच वर्षी २६ जानेवारीला कोकण रेल्वेच्या पूर्ण मार्गावरून पहिली गाडी धावली होती. माझ्या तालुक्यात खरी गाडी आली आणि मला खोटीचा नाद लागला, दोन्ही एकाच साली.

आमच्या गप्पा फार थोर नसतात. पावसाळ्यात तर विषय एकच, दमट हवा. पितळी रुळांवर काळा थर चढतो आणि त्यातून वीज नीट जात नाही. निकेल-सिल्व्हरचे रूळ त्या मानाने बरे, पण तेही पुसावे लागतात. प्लायवूड फुगलं की दोन रुळांच्या सांध्यात पायरी तयार होते आणि नेमका तिथेच डबा घसरतो. मग "काल बरी चालत होती" हे वाक्य दर खेपेला कोणीतरी म्हणतोच.

एकदा इलेक्ट्रिशियनने खाणीकडची लाल माती आणली. मलमलीच्या कपड्यातून चाळली आणि टेबलावर डोंगराला लावली. रंग अगदी डिचोलीचा. तीन-चार दिवसांत इंजिन गुरगुरायला लागलं आणि थांबलं. उघडून बघतो तर मोटरच्या चुंबकाला काळी लव आलेली. दादा पोट धरून हसले. म्हणाले, "अरे, जन्मभर आम्ही तेंच भरलें, लोखंडाची माती ती!" तेव्हापासून नियम झाला. टेबलावर जाणाऱ्या मातीतून आधी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक फिरवायचं. उरेल ती माती वापरायची.

आता मुद्द्याकडे. दोन वर्षांपूर्वी ठरलं की नुसती गोल फिरणारी गाडी पुरे झाली, आता गोव्याची रेल्वे करायची. पण कुठली? इथे वाद सुरू झाला.

मास्तरांना जुनी मीटरगेज हवी होती. १८७८ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात तह झाला. मिठाचा आणि जकातीचा कारभार ब्रिटिशांच्या हाती आणि बदल्यात बंदर व रेल्वे, असा साधारण तो सौदा होता. त्यातून मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत सुमारे ८२ किलोमीटरचा मार्ग झाला. १८८७ मध्ये मुरगाव ते सावर्डे भाग सुरू झाला आणि १८८८ मध्ये रूळ कॅसलरॉकला पोचले. हेतू एकच, दख्खनचा माल मुरगावच्या धक्क्यावर आणणे. पेडणे आणि डिचोली या वाटेवर नव्हतेच. मालाला डोंगर उतरून समुद्राकडे यायचं होतं, उत्तरेला वळायचं कारण नव्हतं.

पेडण्याच्या मित्राला अर्थात कोकण रेल्वे हवी होती. "आमच्या तालुक्यांतून जाता ती सोडून कुळ्याची गाडी कित्याक?" असा त्याचा सरळ प्रश्न. मास्तर यावर उसळले. "तुमच्याकडून जाते, पण डिचोलीकर गाडीत चढतो तो थिवीला, बार्देशात जाऊन. मग टेबलावर डिचोलीने काय करायचं, नुसतं बघायचं?" मग त्यांनी १९९०-९३ च्या आंदोलनाची आठवण काढली. मार्ग किनाऱ्याकडच्या शेतांतून आणि दाट वस्तीतून न नेता आतून न्यावा, अशी तेव्हा अनेकांची मागणी होती. न्यायमूर्ती ओझा यांचा एकसदस्यीय आयोगही १९९३ मध्ये नेमला गेला. शेवटी मार्ग बहुतांशी होता तिथूनच गेला. "आतून आली असती तर!" हे मास्तरांचं आवडतं वाक्य आहे, ते आम्ही ऐकून घेतो.

वाद वाढला तसा मी कागद घेतला. इंजिनिअरची सवय. आमचं प्रमाण एचओ, म्हणजे खऱ्याच्या ८७ वा भाग. या प्रमाणाचे बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात. ते युरोपच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे टेबलावर १९ मिलिमीटरहून थोडं जास्त हवं. कोकण रेल्वे केली तर रूळ जवळजवळ तीन मिलिमीटरने अरुंद होणार. उलट मीटरगेज टेबलावर साडेअकरा मिलिमीटर होतं आणि बाजारात १२ मिलिमीटरचे रूळ मिळतात. म्हणजे १८८८ ची रेल्वे अधिक खरी दिसणार. मास्तर खूष.

पण वळणांचा हिशेब आला. कोकण रेल्वे ताशी १६० किलोमीटर वेगासाठी आखलेली. तिचं वळण १२५० मीटर त्रिज्येपेक्षा तीव्र नाही. टेबलावर ते चौदा मीटरांहून जास्त झालं! आमचं टेबलावरचं वळण ४५ सेंटिमीटरचं, खऱ्यात ३९ मीटर. एवढ्यात तर रिक्षा वळते. पेडण्याचा सुमारे दीड किलोमीटरचा बोगदा टेबलावर सतरा मीटर, म्हणजे सोप्यातून निघून मागच्या परसात. घाटाचं तेच. कुळे ते कॅसलरॉक चढ पाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे मास्तरांचं घर दुमजली करावं लागेल. मास्तरांच्या सौ. आतून म्हणाल्या, "तें मात्र जमचें ना."

ठरलं की सगळं आखडून घ्यायचं. पण कुठली रेल्वे, हे ठरेना. मी माझ्या जुन्या निबंधाचा हवाला दिला. त्यात मी लिहिलं होतं की गोव्याला रेल्वेचे दोन वेगळे इतिहास आहेत. एक पूर्व-पश्चिम, बंदरासाठीचा, परकीय सत्तेचा. दुसरा उत्तर-दक्षिण, मुंबई-मंगळूर जोडणारा, आपला. दोन्ही मडगावला शेजारी उभे राहतात, एवढाच त्यांचा संबंध. त्यामुळे एकच निवडा, असं मी म्हणालो.

तेव्हा इलेक्ट्रिशियनने सहज विचारलं, "काका, मग दोन्ही लावून मडगावला जोडूया की. मीटरगेजची गाडी कोकण रेल्वेवर जाईल?"

"जाणार नाही. गेज वेगळं."

"मग बोगद्याची भिंत पडली तेव्हा गाड्या घाटातून कशा गेल्या?"

मी थांबलो. प्रसंग आम्हा सगळ्यांना आठवत होता. ६ ऑगस्ट २०२० ला मडुरे आणि पेडणे यांच्यामधल्या आमच्या बोगद्यात भिंतीचा भाग कोसळला. कोविडचे दिवस, सोप्यावर जमणं बंद होतं, त्यामुळे आम्ही फोनवरच बोलत होतो. गाड्या आधीच थोड्या होत्या. त्यातल्या लांब पल्ल्याच्या गाड्या पनवेल, पुणे, मिरज, लोंढा, मडगाव अशा वळवल्या गेल्या. म्हणजे कॅसलरॉकवरून, दूधसागरच्या बाजूने, १८८८ च्या वाटेने. तेव्हा आम्हाला मौज वाटली होती, कुठली गाडी घाटात कशी दिसत असेल याची. त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नव्हता.

हे शक्य झालं कारण १९९० च्या दशकात मुरगावच्या मार्गाचं ब्रॉडगेज केलं गेलं. माझ्या निबंधात त्याबद्दल एकच परिच्छेद होता आणि तोही हळहळीचा. जुनी छोटी गाडी गेली, स्टेशनांची शान गेली वगैरे. मी गेज बदलाकडे एका इतिहासाचा शेवट म्हणून पाहिलं. प्रत्यक्षात त्याच कामामुळे ते रूळ कोकण रेल्वेला जोडले गेले. मीटरगेज तसंच राहिलं असतं तर २०२० मध्ये पेडण्याचा बोगदा बंद होताच त्या गाड्या घाटातून मडगावला उतरूच शकल्या नसत्या. दोन वेगळे इतिहास म्हणणं ही माझी चूक. निदान त्या दशकापासून गोव्याची रेल्वे एकच आहे. एक वाट अडली तर दुसरी तिचा भार घेते.

पेडण्याचा मित्र इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "बोगदा करायचा तर दगडी कमान लावू नका. आत दगड नव्हता." लहानपणी वडिलांच्या दुकानात तो कप विसळायचा. कामगार चहाला यायचे ते गुडघ्यापर्यंत चिखलात. पेडण्याचा बोगदा मऊ मातीतला. खणलेलं परत बसायचं, पुन्हा खणावं लागायचं. कोकण रेल्वेच्या कामात जे मजूर गेले त्यांचं स्मारक रत्नागिरीला आहे. मित्र म्हणाला, की दुकानात उधारीची वही होती आणि त्यातली काही खाती वडिलांनी कधी मागितली नाहीत, नुसती रेघ मारून ठेवली. का, ते त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्या दिवशी गाडी चालवली नाही.

तो डोंगर अजूनही शांत झालेला नाही. जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात पाणी आणि चिखल शिरला आणि वाहतूक पुन्हा थांबली. चिऱ्याचा लाल डोंगर वरून कडक दिसतो, खाली पाणी धरलेली माती असते. आमच्याकडे विहीर खणणाऱ्याला हे माहीत असतं.

शेवटी टेबलावर काय झालं ते सांगतो. वर्ष ठरलं २०२०. डावीकडे पेडण्याचा बोगदा, तोंडाशी दगडी कमान नाही, साधं सिमेंट आणि वर ओघळ. उजवीकडे आखडलेला घाट, साधारण ४० ला १ चढाचा, म्हणजे दर मीटरला अडीच सेंटिमीटर. आमचं एक इंजिन पाच डबे घेऊन चढताना चाकं फिरवत जागीच राहतं, म्हणून मागे दुसरं लावतो. खऱ्या घाटातही गाडीला जादा इंजिनं लावतातच. मध्ये मडगाव, जिथे दोन्ही रूळ मिळतात. तीन मिलिमीटरची चूक आम्ही पत्करली. मास्तरांच्या हट्टामुळे कुळ्याच्या यार्डात १२ मिलिमीटरचा हातभर तुकडा ठेवला आहे. तो कशालाच जोडलेला नाही, त्यावर एक गंजलेला डबा उभा आहे.

आणि डिचोली? तो प्रश्न दादांनी सोडवला. मांडवीवर रेल्वेचा पूल आम्ही केला होताच. दादांनी पुठ्ठ्याची एक बार्ज बनवली आणि पुलाखाली ठेवली. डिचोलीच्या खाणींतलं खनिज ट्रकने नदीकाठच्या धक्क्यांवर यायचं आणि बार्जने मुरगावला जायचं. २०१२ च्या खाणबंदीपर्यंत दादांचा संसार त्यावर चालला. बार्जमध्ये भरायला त्यांनी तीच माती घेतली, चुंबकाला चिकटलेली, आम्ही बाजूला काढून ठेवलेली. मुरगाव बंदरासाठी रेल्वे आली आणि डिचोलीचा माल त्याच बंदराला नदीने गेला. हाही त्याच इतिहासाचा भाग आहे, आणि माझ्या निबंधात त्याबद्दल एक ओळही नव्हती.

म्हणून त्या जुन्या निबंधाचा मुख्य निष्कर्ष मी इथे मागे घेतो. ज्यांनी तो वाचला असेल त्यांनी हा त्याच्या जोडीला वाचावा. आणि वाचकांपैकी कोणाकडे कुळे किंवा सावर्डे स्टेशनचे मीटरगेजच्या काळातले घरगुती फोटो असतील, लग्नाचे वऱ्हाड, सहल, काहीही, तर ते जपून ठेवा आणि मंडळाला दाखवा. मागे उभ्या असलेल्या डब्याचा रंग आम्हाला हवा आहे. मास्तर म्हणतात लाल, दादा म्हणतात तपकिरी, आणि दर दुसऱ्या रविवारी हा वाद नव्याने सुरू होतो.