स्त्रीधन, शेतजमीन आणि एक पाठभेद

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत स्त्रीधनाची व्याख्या आहे. माता, पिता, पति व भ्राता यांनीं दिलेलें, विवाहाग्नीसमक्ष मिळालेलें आणि पतीनें दुसरा विवाह करतांना पहिलीस दिलेलें, म्हणजे आधिवेदनिक, असें धन सांगून झाल्यावर विज्ञानेश्वर 'आद्य' हें पद वाचतो. जीमूतवाहनाच्या दायभागांत त्या जागीं 'चैव' आहे. भेद अल्प, परंतु हिंदु स्त्रीच्या शेतजमिनीचा वाद पुष्कळ अंशीं त्याच्याशीं निगडित आहे.

कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या काळीं मिताक्षरा रचणाऱ्या विज्ञानेश्वरानें 'आद्य' पदांत वारसा, खरेदी, वांटणी, परिग्रह व अधिगम यांनीं आलेलें सर्व धन घेतलें. स्त्रीधन हा शब्द यौगिक आहे, पारिभाषिक नव्हे, असा त्याचा निर्णय. उलट नारद व कात्यायन यांच्या वचनांत स्थावर वगळण्याकडे कल दिसतो, आणि दायभागानेंहि संकुचित अर्थच धरला.

हे दोन्ही ग्रंथ कोलब्रुकनें १८१० मध्यें इंग्रजींत आणले. तथापि पुढें प्रिव्ही कौन्सिलनें मिताक्षरेच्या प्रदेशांतहि विधवेस वारशानें आलेली मिळकत स्त्रीधन मानली नाहीं. तिला पतीच्या शेताचा उपभोग होता. विक्री मात्र कायदेशीर गरजेपुरतीच, आणि तिच्या पश्चात् शेत पतीच्या वारसांकडे जाई. मुंबई इलाख्यांत कन्येस पित्याची मिळकत पूर्ण मालकीनें मिळे. त्यामागें नीलकंठभट्टाच्या व्यवहारमयूखाचें बळ होतें. १९३७ च्या कायद्यानें विधवेस हिस्सा दिला, पण गव्हर्नरांच्या प्रांतांतील शेतजमिनीस तो लागू नाहीं, असें फेडरल कोर्टानें १९४१ मध्यें ठरविलें. म्हणजे खेड्यांत जें खरें धन, तेंच वगळलें गेलें.

१९५६ च्या हिंदु वारसा कायद्याच्या १४ व्या कलमानें वारसा, वांटणी, पोटगी, देणगी किंवा खरेदी यांनीं आलेली जंगम वा स्थावर मिळकत स्त्रीच्या पूर्ण मालकीची केली. दानपत्र वा मृत्युपत्र यांसारख्या लेखांनीं घातलेल्या मर्यादेचा अपवाद तेवढा ठेवला. ही यादी विज्ञानेश्वराच्या यादीशीं ताडून पाहावी. साडेआठशें वर्षांनीं कायदा त्याच्याच अर्थाजवळ आला. २००५ च्या दुरुस्तीनें कन्येस जन्मतः सहदायादत्व दिलें.

तरीहि मालकी कागदावर उतरावी लागते. बहिणी भावांस हक्कसोडपत्रें लिहून देतात आणि सातबाऱ्यावर त्यांचें नांव राहत नाहीं. म्हणूनच १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेनें 'लक्ष्मीमुक्ति' आरंभून पतींना पत्नींच्या नांवें जमीन करण्यास सांगितलें, याचें महत्त्व मोठें आहे.

ज्यांच्या संग्रहीं याज्ञवल्क्यस्मृतीची पोथी असेल, त्यांनीं हा श्लोक काढून कोणता पाठ आहे तें टिपावें, आणि लेखनकाळ व स्थळ यांसह कळवावें. त्याचबरोबर जुन्या दप्तरांतील स्त्रियांच्या नांवचीं खरेदीखतें व दानपत्रें निराळीं काढावीं. शास्त्रांत काय होतें तें पोथी सांगेल. व्यवहारांत काय होतें तें दप्तर सांगेल.