सस्क्वेहानावरचे खांब

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात सस्क्वेहाना नदीच्या दोन काठांवर कोलंबिया आणि राइट्सव्हिल ही गावं समोरासमोर वसली आहेत. त्यांना जोडणारा, सुमारे दोन किलोमीटर लांबीचा काँक्रीटचा कमानी पूल १९३० साली खुला झाला. मला मात्र त्याच्या शेजारी पाण्यात उरलेले जुन्या पुलांचे दगडी खांब अधिक बोलके वाटतात.

यादवी युद्धाच्या काळात तिथे छप्पर असलेला लाकडी पूल होता. २८ जून १८६३ रोजी जनरल गॉर्डनची दक्षिणी फौज राइट्सव्हिलला येऊन थडकली. तिला अडवणाऱ्यांत कोलंबियातल्या कृष्णवर्णीय स्वयंसेवकांची एक तुकडीही होती. टिकाव लागेना, तेव्हा उत्तरेच्या सैनिकांनी माघार घेत पूल पेटवला. आग राइट्सव्हिलमध्ये पसरली आणि ती विझवायला गॉर्डनचेच सैनिक बादल्या घेऊन धावले.

हा किस्सा कौतुकाने सांगितला जातो. पण त्याच मोहिमेत हे दक्षिणी सैन्य कृष्णवर्णीयांना पकडून गुलामीत धाडत होतं. राइट्सव्हिलची घरं बादल्यांनी वाचली असतील. पलीकडच्या कोलंबियातल्या कृष्णवर्णीयांना वाचवलं ते मात्र जळून गेलेल्या पुलाने.